उबुंटूमध्ये एक्सरँडआर (xrandr) या कमांडने स्क्रीनचं रिझोल्यूशन बदललं, पण रीस्टार्ट केल्यावर जुनंच येतं. काय करू?

एक्सरँडआरचा बदल चालू सेशनपुरताच असतो, कुठल्याही फाइलमध्ये साठवला जात नाही; म्हणून तो सेटिंग्जमधून करा. ‘डिस्प्ले’मध्ये रिझोल्यूशन निवडून ‘अप्लाय’ दाबा आणि 20 सेकंदांच्या आत ‘कीप चेंजेस’ दाबा, नाहीतर जुनं परत येतं. ही निवड ग्नोम (उबुंटूचा डेस्कटॉप) तुमच्या होम फोल्डरमध्ये साठवतं आणि पुढच्या लॉगिनला तीच लावतं.

यादीत 1920×1080 दिसतच नसेल तर आधी केबल बदलून बघा. व्हीजीए (जुन्या प्रकारची मॉनिटर जोडणी) अडॅप्टरमुळे बऱ्याचदा मॉनिटरची माहिती ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचतच नाही. तरीही जमलं नाही, तर एक्सरँडआरच्या न्यूमोड (नवं रिझोल्यूशन बनवणारी), अ‍ॅडमोड (ते मॉनिटरला जोडणारी) आणि आउटपुट (ते लावणारी) या तिन्ही ओळी होममधल्या, लॉगिनला आपोआप चालणाऱ्या डॉट-एक्सप्रोफाइल (.xprofile) फाइलमध्ये लिहा. स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणा दोन, जुनी एक्स11 आणि नवी वेलँड; हा उपाय फक्त एक्स11 सेशनमध्ये चालतो. वेलँडवर एक्सरँडआरने रिझोल्यूशन बदलत नाही.