सॉल्ट लेक सिटीत दुभाष्यांचं काम सांभाळायला येताय, तर...

काका-काकू, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मनापासून आनंद झाला. दोघंही निवृत्त, मुलं आपापल्या संसारात, आणि आता अठरा महिन्यांसाठी ज्येष्ठ मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचं, आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चच्या (लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात) मुख्यालयाचं बोलावणं आलंय. काम चर्चच्या कार्यक्रमांसाठी स्वयंसेवक दुभाषे जमवण्याचं आणि सांभाळण्याचं. तुम्ही विचारलंय की आठवडा नेमका कसा जातो, परक्या भाषा येत नसताना हे झेपेल का, आणि निघण्याआधी घरचं काय मार्गी लावावं. मी इथे बरीच वर्षं राहते, हिंदीच्या गटात दुभाषी म्हणून बसते. समन्वय करणाऱ्या जोडप्यांबरोबर काम करूनच हे सगळं कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाषेची काळजी सोडा. समन्वयकांना एकाही गटाची भाषा येत नसली तरी काम अडत नाही. कामापुरतं इंग्रजी हवं, ईमेल आणि तक्ते नीट ठेवता यायला हवेत. काकांनी बँकेची शाखा सांभाळली आहे, काकूंनी वर्गच्या वर्ग सांभाळलेत, तेव्हा हे अवघड नाही. कसोटी माणसं ओळखण्यात आहे. दुभाष्यांपैकी कुणालाही पगार नसतो. नोकरी, लहान मुलं, आजारी आईवडील यांतून वेळ काढून ते येतात, आणि चर्चचं काम म्हटलं की त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. अंगात ताप असला तरी ‘येते’ म्हणतील. कुणावर किती भार टाकायचा, कुणाला या वेळी बोलवायचंच नाही, हे त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवायचं. माझ्या मते या सेवेतलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

मोठे प्रसंग वर्षातून दोन: एप्रिल आणि ऑक्टोबरमधली जनरल कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या चर्चची मोठी सभा, महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी. 2000 साली उघडलेल्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये सुमारे 21,000 माणसं बसतात, आणि ऐकणारे जगभर. 1961 मध्ये चार भाषांपासून सुरुवात झाली, आज भाषा नव्वदच्या पुढे गेल्यात. पण हे वर्षातले दोनच आठवडे. एरवी नेत्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक स्टेकची (म्हणजे आसपासच्या काही स्थानिक मंडळ्यांच्या गटाची) वर्षातून दोनदा होणारी परिषद, संध्याकाळच्या भक्तिसभा, बाहेरदेशच्या पाहुण्यांच्या बैठका असं काही ना काही चालू असतंच. कर्णबधिर श्रोत्यांसाठी अमेरिकन सांकेतिक भाषेचे दुभाषेही लागतात. त्यांच्यासाठी आवाजापेक्षा उजेड आणि बसायची जागा महत्त्वाची, हे नवीन माणसाच्या पटकन लक्षात येत नाही.

सोमवार शांत. संध्याकाळ तर कुटुंबासाठी राखून ठेवायची इथे रीत आहे, त्या वेळी कुणा दुभाष्याला फोन करू नका. मंगळवारी यादी हातात घ्यायची: कुठला कार्यक्रम, कुठली भाषा, ऐकणारे साधारण किती, लेखी मजकूर मिळणार की वक्ता आयत्या वेळी बोलणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय माणसं नेमू नयेत, कारण वाचून सांगणारा आणि ऐकून सांगणारा हे दोन वेगळे दुभाषे असतात.

मग जोड्या लावायच्या. एकटा माणूस वीस ते तीस मिनिटं चांगलं सांगतो, त्यानंतर थकवा त्याला स्वतःला कळायच्या आधी ऐकणाऱ्याला कळतो. म्हणून बूथमध्ये, म्हणजे दुभाष्यांच्या काचेच्या बंद खोलीत, नेहमी दोघं. स्वयंसेवकांत साधारण तीन प्रकार दिसतील. एक, त्या देशातून आलेली वयस्कर मंडळी. भाषा गोड, शास्त्रवचनं तोंडपाठ, पण वक्त्याचा वेग पकडताना दमछाक. दुसरे, तरुणपणी त्या देशात मिशन करून भाषा शिकून आलेले अमेरिकन. चपळ आणि धीट, पण पवित्र शास्त्राची भारदस्त भाषा कच्ची. तिसरी इथेच जन्मलेली मुलं. कानांना सगळं कळतं, पण व्यासपीठावरची वाक्यं घरात कधी बोललेलीच नसतात. सगळ्यात अनुभवी दोघांची जोडी लावायचा मोह होतो, कारण त्या सत्राची चिंता मिटते. तसं करू नका. आजीबाईंशेजारी मिशनहून आलेला मुलगा बसवा. तो वेग धरतो, त्या वचनं सांभाळतात, आणि दोन कॉन्फरन्सनंतर तोही तयार झालेला असतो.

शेजारी रिकाम्या बसलेल्या जोडीदाराचं काम तुम्हाला काचेबाहेरून दिसेल. तो रिकामा नसतोच. वक्त्यानं एखादं साल, अध्याय-वचनाचा आकडा किंवा विशेषनाम उच्चारलं की तो ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून बोलणाऱ्यासमोर सरकवतो. आकडा ऐकून, मनात ठेवून, पुढचं वाक्य ऐकत सांगणं फार जड जातं. कागद समोर असला की नजर टाकून काम होतं. म्हणून प्रत्येक बूथमध्ये कोरे कागद आणि जाड टोकाची पेनं तुम्ही ठेवायची. पाण्याची बाटली झाकणाची हवी, उघडा पेला नको, खाली यंत्रं असतात. खोकला आला तर माइक बंद करायचं बटण कुठे आहे, हे नव्या माणसाला खुर्चीत बसवूनच दाखवा. नुसतं सांगून भागत नाही, ऐन वेळी हात चुकीच्या बटणावर जातो.

कॉन्फरन्सच्या भाषणांचा मजकूर आधी येतो, त्याचं लेखी भाषांतर होतं, आणि दुभाषी वक्त्याच्या गतीनं ते वाचतो. ऐकायला सोपं वाटतं. पण वक्ता मधेच भरून येऊन थांबतो, एखादा परिच्छेद गाळतो, कागदावर नसलेली आठवण सांगतो. तेव्हा कागद सोडून कानावर यावं लागतं आणि पुन्हा कागदावरची जागा शोधावी लागते. सरावात हेच घोटवून घ्या. इंग्रजी वाचणाऱ्याला मुद्दाम दोन ओळी गाळायला सांगा. शास्त्रवचनांचं भाषांतर मात्र कुणीही स्वतः करू नये. त्या भाषेत चर्चनं स्वीकारलेला पाठ जसाच्या तसा वाचायचा, म्हणून संदर्भांची यादी बुधवारपर्यंत प्रत्येक गटाकडे पोचली पाहिजे. आणि भाषण होण्याआधी तो मजकूर कुणाच्या फोनमध्ये फोटो होऊन जाऊ नये. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, कुणाला वाईट वाटत नाही.

एक जागा अशी आहे की तिथे माझे श्वास आजही अडकतात. पदाधिकाऱ्यांची नावं वाचून त्यांना पाठिंबा मागितला जातो आणि सभा उजवा हात वर करते. दुभाषी दोन वाक्यं मागे राहिला तर त्याचे श्रोते, सगळ्यांचे हात खाली आल्यावर हात वर करतात. आपण सभेत असूनही बाहेरचे आहोत असं त्यांना वाटतं. म्हणून या भागासाठी गटातला सगळ्यात चपळ माणूस ठेवा आणि नावांचे उच्चार आदल्या दिवशी एकत्र बसून पक्के करून घ्या. सामोअन, ब्राझिलियन, कोरियन, सगळी नावं. ज्याचं नाव आहे तो माणूस किंवा त्याचं कुटुंब कुठेतरी ऐकत असतं.

सगळे गट इथे नसतात, काही आपापल्या देशातून दूरवरून काम करतात. तक्त्यात इथली वेळ आणि तिथली वेळ शेजारी-शेजारी लिहा, वारासकट. इथे शनिवारी सकाळी दहाचं सत्र सुरू होतं तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ, सोलमध्ये रविवारी पहाटेचा एक, सामोआत रविवारी पहाटेचे पाच. दुपारी दोनचं सत्र भारतात रात्री दीडला, म्हणजे तारीख बदललेली. शिवाय इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांतल्या सराव-बैठकांचे घोळ यातूनच होतात. रात्री जागणाऱ्या गटाला दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळावी अशा जोड्या लावा, झोप सगळ्यांना लागतेच.

छोट्या सभांत बूथ नसतो. दुभाषी मागच्या बाकावर ट्रान्समीटर घेऊन हळू आवाजात बोलतो आणि श्रोत्यांच्या कानात रिसीव्हर असतात. तिथे निम्म्या अडचणी बॅटरीच्या. शुक्रवारी प्रत्येक रिसीव्हर स्वतः कानाला लावून पाहा, चॅनेलचा आकडा भाषेच्या नावासकट पाटीवर लिहा, आणि परत घेताना मोजून घ्या. दुभाष्याला वक्त्याचा आवाज थेट वायरनं मिळावा म्हणून तंत्रज्ञांकडे आग्रह धरा. सभागृहातल्या प्रतिध्वनीवरून सांगायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हवेबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंच आहे आणि हवा फार कोरडी. आल्या आल्या घसा बसतो, तुमचाही बसेल. हिवाळ्यात डोंगरांमधल्या दरीत धुरकट हवा कोंडून राहते, तेव्हा दम्याचा त्रास असणाऱ्या दुभाष्यांना घरून काम करता येईल का, ते आधीच विचारून ठेवा. आणि एप्रिलच्या कॉन्फरन्सला बर्फ पडला तर आश्चर्य मानू नका.

घरचं आता थोडक्यात. राहण्या-जेवणाचा खर्च ज्येष्ठ दांपत्यानं स्वतः करायचा असतो, तेव्हा डॉलरमधला महिन्याचा हिशोब आधी मांडा. व्हिसा कुठला घ्यायचा, ते चर्चच्या कार्यालयाच्या सल्ल्यानंच ठरवा. पर्यटक म्हणून निघू नका. भारतातला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा इथे चालत नाही, आणि इथला दवाखान्याचा खर्च जबरदस्त असतो. कुठला विमा, जुन्या आजारांना तो लागू आहे का, हे लेखी घ्या. औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावानं लिहून आणा. काकांच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला इथून कसा द्यायचा, ते बँकेत विचारून या. भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. परदेशात राहिल्यानं कराच्या दृष्टीनं निवासी दर्जा बदलू शकतो, एकदा करसल्लागाराला भेटा.

काकू, तुम्ही शेवटी हळूच विचारलंय की इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, तर तुमचा तिथे काय उपयोग. इथले निम्मे दुभाषे कधीतरी तसेच अडखळत या देशात आलेत. समन्वयकबाई स्वतः सावकाश बोलतात म्हटल्यावर ते मोकळेपणानं सांगतात की हा परिच्छेद कळला नाही, या सत्राला मी नको, घरी आई आजारी आहे. मी म्हटलं ना, त्यांचं ‘नाही’ बाहेर पडत नाही. ते तुमच्याजवळ बाहेर पडेल. सत्र संपलं की दारात उभ्या राहा. दुभाषी बूथमधून बाहेर येतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोन तासांतली हुकलेली वाक्यंच घोळत असतात. त्या क्षणी सुधारणा सांगू नका, त्या सोमवारनंतर. बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि त्याच्या भाषेतल्या श्रोत्यांपैकी कुणी बाहेर थांबलं असेल तर त्यांची गाठ घालून द्या.

कार्यालयाला आत्ताच तीन गोष्टी विचारून ठेवा: तुमच्या आधीचं जोडपं तुम्ही पोचल्यावर निदान दोन आठवडे तिथे असेल का, दुभाष्यांची यादी शेवटची कधी तपासली गेली, आणि आयत्या वेळी कुणी आजारी पडलं तर राखीव माणूस नेमायचा अधिकार कुणाकडे आहे. तारीख पक्की झाली की कळवा. पुढच्या सरावाला दोघांनाही बूथमध्ये माझ्याशेजारी बसवते, हेडफोन लावून.