घरी सांगितले एकोणतीस, हातात येतात वीस

मावशी,

मी बार्शीजवळच्या एका गावचा. मेकॅनिकलची डिग्री घेऊन गेल्या ऑगस्टपासून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलोय. क्वालिटीत आहे. पॅकेज साडेतीन लाख. ऑफर लेटर आलं त्या दिवशी काकांनी मोबाइलवर भागाकार करून सगळ्यांना सांगितलं, महिन्याला एकोणतीस हजार! पेढे वाटले. हातात येतात २०,६४४. ते मी घरी अजून बोललेलो नाही. दर महिन्याला १२,००० पाठवतो. सात हजार सोलापूरला शिकणाऱ्या बहिणीच्या हॉस्टेल-मेसला, पाच हजार दादा (माझे वडील) गावच्या सोसायटीच्या कर्जाच्या देण्यासाठी बाजूला टाकतात. खोलीभाडं ३,५००, मोबाइलचा हप्ता १,६००. पुरत नाही म्हणून मेस बंद केली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकदा जेवतो, दुसऱ्या वेळी वडापाव नाहीतर बिस्किटं. आई रोज फोनवर विचारते, जेवलास का, मी म्हणतो जेवलो.

कामाचंही काही खरं नाही. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकलो आणि आता दिवसभर पिनेवर रिंग गेज, म्हणजे जाडी तपासायचं कडं, घालतो आणि काढतो. परवा चाळीस पिना 'ओव्हरसाइझ' म्हणून बाजूला काढल्या. मशीनवरचे मामा म्हणाले, "सायब, गार होऊ द्या." मी ऐकलं नाही, रिजेक्शनचा टॅग लावला. सकाळी त्याच पिना गेजमधून सुळकन गेल्या. आता लाइनवरून जाताना कुणीतरी हमखास ओरडतं, "सायबाला जरा गार करा रे!" सुट्टी गुरुवारी, आयटीतल्या मित्रांची शनिवार-रविवारी, त्यामुळे भेट कुणाचीच नाही. एक मित्र सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय. तो म्हणतो, सोड ते, ये इकडे. जाऊ का?

– बार्शीकडचा

लेकरा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हे भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं होते. माझ्या घरात रविवार कायम गुरुवारीच यायचा. पोरांच्या शाळेला सुट्टी असली की बाप कामावर आणि बाप घरी असला की पोरं शाळेत. त्यामुळे गुरुवारच्या सुट्टीचा एकटेपणा मला समजावून सांगायची गरज नाही. खोलीवर कपडे धुवायचे, दोरीवर टाकायचे, मग मोबाइल घेऊन पडायचं आणि संध्याकाळी पाचला वाटायचं की दिवस गेला कुठे.

तू विचारलंस एमपीएससीचं, पण पत्रात जिथे तुझा हात थरथरलाय ती जागा वेगळी आहे. 'मी म्हणतो जेवलो' हे तू ओघात लिहून पुढे निघून गेलास. मी तिथेच थांबले. आधी तिथलं बोलू.

एकोणतीस हजार हा तुझा पगार कधीच नव्हता. तू मुद्दाम कुणाला फसवलं नाहीस, काकांचा भागाकारच चुकीच्या आकड्यावर झाला. स्लिपचा आणि ऑफर लेटरच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. साडेतीन लाख भागिले बारा म्हणजे २९,१६७. त्यातले २,९१७ रुपये 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाच्या शेवटी कामगिरी बघून मिळाले तर मिळणार. कंपनी तुझ्या पीएफमध्ये जो वाटा घालते ते १,७५२ त्यातच धरलेत. ग्रॅच्युइटीच्या नावाने ७०२, विम्याचे ५००. राहिले २३,२९६. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ पुन्हा १,७५२, महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर २००, कॅन्टीन आणि बसचे ७००. हे झाले २०,६४४. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा शंभर रुपये गेले कुठे म्हणून जीव काढू नकोस.)

ह्यातला सगळाच पैसा बुडालेला नाही, हे घरी सांगताना लक्षात असू दे. पीएफ तुझा आहे. मात्र पासबुक उघडशील तेव्हा कंपनीचे पूर्ण १,७५२ तिथे दिसणार नाहीत. मूळ पगाराच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले ३.६७ टक्केच तुझ्या शिलकीत पडतात. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण ह्यावर घाबरतो आणि एचआरच्या मुलीशी भांडून येतो. तू भांडू नकोस. नोकरी बदललीस तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवायचा आणि रक्कम नव्या ठिकाणी वळवून घ्यायची. चार-सहा महिन्यांत नोकरी सोडून पीएफ काढून मोबाइल घेणारी मुलं मी पाहिलीत. त्यांना तो मोबाइल फार महाग पडतो.

आता घरी सांगायचं कसं?

माझी पहिली नोकरी १९८४ सालची, पुण्यातल्या एका खासगी फर्ममध्ये, हिशेब लिहायची. ठरले होते ६५०, पाकिटातून निघाले ५२०. कपात कसली ते विचारायचं धाडस झालं नाही. घरी मात्र सहाशे पन्नासच सांगितले आणि त्या हिशेबाने पैसे देत राहिले. बसचे पैसे वाचवायला चालत जायचे, चप्पल झिजली तर म्हणायचे मला अशीच आवडते. पाच महिने चाललं हे. मग एकदा आईला माझ्या पर्समध्ये पगाराच्या पाकिटाचा अर्धा फाटलेला कागद सापडला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. वडिलांनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि एवढंच विचारलं, "मग दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी सांगू का?" झालं. पाच महिने मी ज्या गोष्टीला घाबरत होते ती त्यांनी अर्ध्या लिटरात मिटवली. चुकीच्या आकड्यावर त्यांनी घर चालवलं, ह्याचा मात्र त्यांना राग आला होता, आणि तो बरोबरच होता.

तुझे दादा शेतकरी आहेत. पाऊस किती पडला हे खरं कळल्याशिवाय काय पेरायचं ते ठरवत नाहीत. त्यांना तू जास्तीचा पाऊस सांगून ठेवलायस.

फोनवर सांगू नकोस. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असणार आणि भागाकार करणारे काका शेजारीच बसलेले असणार. गुरुवारला जोडून एक रजा टाक, नाइट संपवून सकाळीच एसटीने निघ. स्लिप आणि ऑफर लेटरचं ते पान कागदावर छापून ने, मोबाइलवर दाखवू नकोस. कागद हातात घेऊन माणूस सावकाश वाचतो. दादांना एकटं गाठ, रानात असतील तर रानात. "पगार कमी झाला" असं म्हणू नकोस, कारण तो झालेला नाही. "हातात एवढे येतात, आपण आजवर चुकीचा आकडा धरून चाललो" असं म्हण. आणि न मागता पुढचं वाक्यही बोलून टाक: "मी आठ हजार नक्की पाठवीन." बहिणीचे सात त्यातून जातील, एक हजार उरेल. सोसायटीच्या पाच हजारांचं काय करायचं ते दादांवर सोड. ते देणं तू कॉलेजात होतास तेव्हाही होतं आणि तूर विकूनच फिटत होतं.

एक गोष्ट मात्र दादांना सांगू नकोस, आईला सांग, तीही चुलीपाशी बसून: मी रात्रीचं जेवत नव्हतो. ती रडेल, तुला चार शिव्या देईल आणि परतताना कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी इतकी बांधून देईल की पिशवी उचलणार नाही. ती पिशवी सगळीच्या सगळी घेऊन ये. जागा नाही म्हणून परत ठेवू नकोस.

आठ हजार पाठवायला लागलास की आजच्यापेक्षा चार हजार जास्त हातात राहतील. त्यातून पहिल्याच दिवशी मेस सुरू कर. बाकीचं नंतर.

आता त्या पिना. तू त्या अपमान म्हणून लिहिल्यास. आमचे हे मात्र ऐकताना खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, पोराला सांग, हे तर त्याच्याच पुस्तकातलं आहे. ग्राइंडिंगवरून नुकती उतरलेली पोलादी पिन गरम असते. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. तुझी पिन ५० मिलिमीटर व्यासाची असेल आणि खोलीपेक्षा तीस अंशांनी गरम असेल, तर ती सतरा मायक्रॉन जाड भरणार. ड्रॉइंगवर वीस मायक्रॉनचीच सूट असेल तर गेज जाणार कसं? म्हणूनच माप २० अंश सेल्सिअसला घ्यायचं असा जगभराचा दंडक आहे. चाकणच्या शेडमध्ये मे महिन्यात वीस अंश कुठून आणायचे ते सोड, पण पिन आणि गेज एका तापमानाला तरी येऊ द्यायचे. मामांना हे सूत्र माहीत नाही. त्यांना हाताला माहीत आहे. तुला सूत्र माहीत होतं आणि हाताला माहीत नव्हतं. चार वर्षं वाया गेली म्हणतोस, पण त्या रात्री ती चार वर्षं तुझ्या समोर ट्रेमध्ये चाळीस नग होऊन पडली होती रे.

आणि तू टॅग लावलास त्यात चूक नव्हती. गेज जात नसेल तर माल अडवायचा, हे तुझं कामच. चूक एवढीच की मामा 'गार होऊ द्या' म्हणाले तेव्हा 'किती वेळ?' असं विचारलं नाहीस.

चिडवणं थांबवायला ह्यांनी सांगितलेला उपाय सांगते, मला स्वतःला सुचला नसता. एक खिशातली डायरी कर. उतरल्या उतरल्या पिनेचं मायक्रोमीटरने माप घे, मग पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी. रकाने आख. दोन-तीन शिफ्टचे आकडे जमले की शिफ्ट इन्चार्जला दाखव आणि सांग की मापायच्या आधी एवढा वेळ ट्रे रॅकवर ठेवू या. कागदावर मामांचं नाव घाल, हे विसरू नकोस. ज्याची थट्टा करतात त्याने थट्टेतल्या माणसाचं नाव वर लावलं की लाइन गप्प होते. निदान भोसरीत तरी व्हायची.

एमपीएससीच्या मी विरोधात नाही. माझी भाची त्यातूनच लागली. पण तुझ्या मित्राने सांगितलेल्या 'ये इकडे'चा हिशेब कर. तिथे कॉट, मेस, अभ्यासिका, क्लास हे सगळं तुझ्या खिशातून, आणि पगार शून्य. आज तू घरी पाठवतोस, उद्या घरून मागवशील, आणि बहिणीचं हॉस्टेल त्याच दादांकडे. शिवाय घाई कसली आहे? खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. तू तेविसेक वर्षांचा असशील. मेकॅनिकलवाल्यांना अभियांत्रिकी सेवेचा रस्ताही आहे, तो तुझ्या मित्राने सांगितला का? बहुतेक नाही, कारण तो स्वतः बी.ए. असणार. हे मी अंदाजाने लिहितेय, चुकले तर सोडून दे.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. म्हणजे पानंच्या पानं लिहायची. तुला लिहायला आवडतं का, हे तुला आत्ताच तपासता येईल. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, फुकट आहेत. पुढचे बारा गुरुवार, सकाळी दोन तास घड्याळ लावून बस आणि उत्तरं लिही. सहाव्या गुरुवारी उठवत नसेल तर तुला परीक्षा हवी नव्हती, फक्त नाइट शिफ्ट नको होती, एवढाच अर्थ. बाराही गुरुवार बसलास तर मला परत लिही, मग आपण पैसे साठवून कधी जायचं ते बोलू. ट्रेनिंगचं वर्ष तेवढ्यात संपत आलेलं असेल. नोटीस पीरियड आणि बॉण्ड आहे का ते ऑफर लेटरमध्ये आजच वाचून ठेव. मूळ मार्कशीट कुणाकडे जमा केली असशील तर तीही मागून घे.

मित्रांच्या शनिवार-रविवारचं माझ्याकडे औषध नाही. पण एवढ्या भाड्यात तू खोलीवर एकटा नसणार. खोलीतल्या बाकीच्यांची सुट्टी गुरुवारचीच असेल ना? त्यांच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. शेंगाची चटणी आणशील तेव्हा डबा त्यांच्यासमोर उघड.

आणि त्या मामांना नक्की विचार, किती मिनिटं गार होऊ द्यायची. आकडा मला कळव. आमचे हे पंधरा म्हणतात, पण त्यांच्या वेळच्या पिना वेगळ्या होत्या असंही म्हणतात.

– मावशी