मेल गेला, आता पोराचं नाव सांगू नका

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती कायम मीच भरते. परवा रात्री चिडून मुख्याध्यापकांना मेल केला, प्रत केंद्रप्रमुखांना : 'बाकीचे सर खर्रा घोटत बसतात. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्हीही त्यांच्यातलेच.' पाठवल्याबरोबर पोटात गोळा आला. 'अनडू'वर बोट जाईपर्यंत ते गायब. मग 'चुकून गेला, वाचू नका' असा दुसरा मेल केला. सर अजून काही बोललेले नाहीत. मोबाइल मुलाच्या हातात होता, असं सांगू का?

उत्तर : ताई, आधी लेकराला यातून मोकळं करा. पोरगं खेळता खेळता केंद्रप्रमुखांना प्रत लावतं, हे कोणाला पटेल?

जीमेलचं 'अनडू' गेलेला मेल परत आणतच नाही. पाठवायच्या आधी तो काही सेकंद आपल्याकडेच रोखलेला असतो. संगणकावरच्या सेटिंगमध्ये ही मुदत 5 पासून 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. 30 करून ठेवा. पण तुमचा राग रात्रभराचा होता, त्याला 30 सेकंद काय पुरणार!

व्हॉट्सॲपने आपल्याला सवय लावली आहे. तिथे दोन दिवसांनीही मेसेज सर्वांसाठी हटवता येतो. तरी हटवल्याची खूण मागे राहते आणि अख्खा ग्रुप विचारतो, 'काय होतं बा?' तुमच्या 'वाचू नका'नेही तेच केलं. ज्याने वाचला नसेल, तोही आता वाचेल.

मला विचाराल तर अख्खा मेल मागे घ्यायचं कारणच नाही. सगळं काम तुमच्या एकटीच्या गळ्यात, ही तक्रार रास्त आहे. परिपाठाआधी सरांना एकटं गाठा, स्टाफरूममध्ये नको. 'सर, तुम्हीही त्यांच्यातलेच, हे लिहायला नको होतं, ते मागे घेते. पण काम आळीपाळीनं वाटून द्या, हे मागे घेत नाही,' एवढंच बोला. रडू नका, हसून टाळूही नका. खर्ऱ्याचा विषय त्यात आणू नका. शाळेच्या वेळात खरंच चालत असेल तर त्याची तक्रार वेगळी, तारखेनिशी करा. रागाच्या ओळीत ती नुसती चहाडी वाटते.

सरांनी मेल उघडलाच नसेल तर? तरीही सांगा. केंद्रप्रमुखांनी उघडला असेल.