शंका-समाधान : रविवार नेमका कुणाच्या विश्रांतीचा?

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली या वेळची बहुतेक पत्रं उपासना आणि शब्बाथ (बायबलमधला विश्रांतीचा दिवस) या दोनच गोष्टींभोवती फिरणारी होती. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

आमच्या मजल्यावर सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं कुटुंब राहतं. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी दिवेलागणीपर्यंत ते कामाला हात लावत नाहीत. ‘दहा आज्ञांतली शब्बाथाची आज्ञा सातव्या दिवसाची आहे, तुम्ही पहिला दिवस कसा पाळता?’ असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. (कळवा)

शेजाऱ्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करा. सातवा दिवस म्हणजे शनिवारच. येशू आपल्या रीतीप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे (लूक ४:१६). कफर्णहूमच्या लोकांनी आजाऱ्यांना सूर्य मावळल्यावर त्याच्याकडे आणलं (मार्क १:३२), कारण तोवर शब्बाथ संपलेला नव्हता. ठाण्याला तर शनिवार पाळणारे नवे नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल ज्यू लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण त्यांचे घाणे शनिवारी बंद असत. ठाण्यातलं त्यांचं शार हाशामाईम हे प्रार्थनामंदिर १८७९ सालचं आहे.

मग रविवार कुठून आला? प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांतून उठला, म्हणून शिष्य त्या दिवशी भाकर मोडायला जमू लागले (प्रेषितांची कृत्ये २०:७). गरिबांसाठीची वर्गणीही त्याच दिवशी बाजूला काढायला पौल सांगतो (१ करिंथ १६:२). दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: शास्त्रवाचन, उपदेश, उभ्याने प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, शेवटी अनाथ-विधवांसाठी दान.

पण त्या काळी रविवारी सुट्टी नव्हती, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लोक उपासना करत आणि कामाला जात. रविवारची सरकारी सुट्टी ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने दिली. तीही न्यायाधीश, शहरी लोक आणि कारागिरांना. पेरणीचा हंगाम हुकू नये म्हणून शेतकऱ्यांना तीतून वगळलं होतं. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० मध्ये. आणि रविवार खंडोबाचा वार, हे त्यांच्या मागणीतलं एक कारण होतं. म्हणजे रविवारची उपासना आणि रविवारची रजा यांचे उगम वेगळे आहेत. आपण दोन्ही एकाच दिवशी करतो, म्हणून त्या एकच वाटतात.

या प्रश्नावर मंडळ्यांचं (चर्चचं) एकमत नाही. शब्बाथाची आज्ञा रविवारवर आली असं काही मानतात. ती ख्रिस्तात पूर्ण झाली आणि रविवार हा स्वतंत्र सण आहे असं इतर मानतात. शेजाऱ्यांशी बोलताना रोमकरांस पत्रातला १४ वा अध्याय हाताशी असू द्या. तिथे दिवस मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही पौल एकमेकांचा न्याय करू देत नाही.

वाशीच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले तीन रविवार ड्युटी असते. नाईट करून तशीच उपासनेला गेले तर डोळे मिटतात. पाळक (पास्टर) म्हणतात, देवाला वेळ द्या. मी आज्ञा मोडते आहे का?

नाही. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथ दिवशीच बरं केलं. सभास्थानाचा अधिकारी चिडून म्हणाला, कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा या. त्यावर येशूने विचारलं, तुम्ही बैलाला दावणीतून सोडून पाण्यावर नेता ना? (लूक १३:१०-१७). नंतरच्या प्रॉटेस्टंट परंपरेनेही गरजेची आणि दयेची कामं शब्बाथाच्या बंधनातून बाहेर ठेवली. वॉर्डातली तुमची पाळी दोन्हींत बसते. तुमचे पाळकसुद्धा रविवारी राबतातच; त्यांचा विसावा बहुधा सोमवारी असतो. (त्या दिवशी त्यांना घरगुती तक्रारींचे फोन करू नयेत, हे सगळ्याच वाचकांना सांगणं.)

तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट रविवार हुकतो ही नाही. आठवड्यात कुठलाच दिवस अख्खा थांबण्याचा नाही, ही आहे. तेव्हा आधी सलग २४ तास ठरवा. लेवीय २३:३२ मध्ये संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत अशी मोजणी आहे आणि ती पाळ्यांच्या नोकरीला छान बसते. सुट्टी बुधवारी असेल तर मंगळवारी सात ते बुधवारी सात. गणवेश धुणं, बँक, किराणा हे सात वाजायच्या आत उरका, नाहीतर सुट्टीचा दिवस त्यातच जातो आणि विसाव्याला उरतात रात्रीचे दोन तास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने त्याच्या कक्षेतल्या आस्थापनांना आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी बंधनकारक केली आहे. ती रविवारीच द्यावी असं मात्र त्यात नाही.

रविवारसाठी मागणी करायची ती ड्युटीचा तक्ता लागण्याआधी, लेखी, आणि बदल्यात काहीतरी देऊन. गणपती आणि दिवाळीतल्या पाळ्या तुम्ही घ्या. त्याऐवजी ईस्टर आणि तुमच्या मंडळीत प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) असेल तो रविवार मागा. तक्ता लागल्यावर रडत गेलेल्या माणसापेक्षा असा सौदा मेट्रनला सोपा पडतो.

नाईटनंतर सरळ चर्चमध्ये जाऊ नका. संदेष्टा एलीया थकून रतम झुडपाखाली पडला तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, मग परत खायला दिलं (१ राजे १९). सहा-सात तास झोपा आणि जवळपास कुठे संध्याकाळची उपासना असेल तर तिला जा. कॅथोलिक असाल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानेही रविवारचं कर्तव्य पुरं होतं. आजाऱ्यांच्या सेवेसारख्या गंभीर कारणाने तेही जमलं नाही तर दोष लागत नाही.

ज्या आठवड्यात काहीच जमत नाही, त्यात घरी पंचवीस मिनिटं काढा. दोन मिनिटं नुसती शांतता. मग स्तोत्र ९२. शब्बाथ दिवसाचं गीत असं त्याचं शीर्षकच आहे. तीन मिनिटं पापकबुली, आठवड्यातल्या नेमक्या गोष्टींची. त्या रविवारी मंडळीत जो शुभवर्तमानाचा पाठ वाचला गेला तोच मोठ्याने वाचा. पाठांची यादी पाळकांकडून महिन्याच्या सुरुवातीला घेऊन ठेवा, म्हणजे तुम्ही एकट्या असलात तरी मंडळीबरोबर वाचता. पाच मिनिटं गप्प. पाच मिनिटं इतरांसाठी प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, एक गीत. बायबल छापील घ्या. मोबाइलमधलं उघडलं की वॉर्डच्या ग्रुपवरचा निरोप दिसतो आणि संपलं. दुसरी चूक उत्साहाची: पहिल्या आठवड्यात दीड तास बसायचं आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यायचं.

घोडबंदर रोडला राहते. रविवार माझा सर्वांत दमणुकीचा दिवस. साडेआठची उपासना, त्याआधी नाश्ता, आल्यावर मटण, पोळ्या, पाहुणे, सोमवारचे डबे आणि इस्त्री. मिस्टर आणि मुलं म्हणतात, शब्बाथ आहे, आराम कर. कधी?

आज्ञेतली यादी वाचा: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं, वेशीच्या आतला परका (निर्गम २०:१०). पत्नीचं नाव वेगळं नाही. त्याचा अर्थ तिला सुट्टी नाही असा नव्हे. ‘तू’मध्ये ती आहेच. पण कित्येक घरांत यादी अशी वाचली जाते की गुरंसुद्धा सुटतात आणि आई ओट्यापाशी राहते. अनुवाद ५:१५ मध्ये या आज्ञेचं कारणही दिलं आहे: तू मिसरात दास होतास, हे आठव. जो सुटला त्याने दुसऱ्याला जुंपायचं नाही.

उपाय रविवारी सापडणार नाही, तो शनिवारी आहे. रानात इस्राएलांना देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, आणि जे भाजायचं-शिजवायचं ते त्याच दिवशी करून ठेवा असं मोशे सांगतो (निर्गम १६:२३). ‘सहा दिवस श्रम कर’ हाही त्याच आज्ञेचा भाग आहे आणि तो मिस्टरांनाही लागू आहे.

मटण शनिवारी संध्याकाळी आणायचं. रविवारी सकाळची रांग टळते. किलोभर मटण धुऊन दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, चमचाभर हळद आणि मीठ लावून झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. ओट्यावर नको, आपल्या दमट हवेत ते टिकत नाही. कांदा-खोबरं भाजून वाटणही रात्रीच तयार ठेवा. रविवारी उपासनेहून आल्यावर फक्त फोडणी आणि कुकर. भात ताजाच लावा, वीस मिनिटांचं काम आहे. शनिवारचा भात रात्रभर बाहेर राहिला तर त्यातले जंतू शिजवूनही न मेलेल्या बीजाणूंतून वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. कणीक रात्री मळून ठेवली तर काळपट होते, म्हणून रविवारी पोळ्या नाहीतच, पाव आणा. नाश्त्याला उकडलेली अंडी आणि केळी. इस्त्री आणि दप्तरं शनिवारी, मुलांनी स्वतः. भांडी ज्याने जास्त खाल्लं त्याने.

दोन अडचणी हमखास येतात. एक, शनिवारचं सगळं पुन्हा तुमच्याच अंगावर पडतं. म्हणून कोण काय करणार हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, तोंडी ठरवलेलं टिकत नाही. दुसरी, पाहुणे. ‘रविवारी या, पण जे असेल ते खाऊ’ हे फोनवरच सांगून टाका.

आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना रविवारी भरपगारी सुट्टी द्या. यादीत दासी आहे.

दोन तासांच्या उपासनेतला निम्मा वेळ कंटाळा येतो. मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहिलं तर काय बिघडतं? शिवाय नेरुळहून ठाण्याला जायचं, त्यात रविवारी मेगाब्लॉक. (महाविद्यालयीन विद्यार्थी)

आजारी असाल, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर प्रक्षेपण चांगलंच आहे. जस्टिनच्या काळीही गैरहजर असणाऱ्यांना भाकर-द्राक्षारस सेवकांच्या हातून घरी पोहोचवत. पण तिथे मंडळी घरापर्यंत जात होती. पडद्यावर तुम्ही फक्त बघता.

उपासनेतला जवळजवळ प्रत्येक भाग तुमच्याकडून काहीतरी मागतो, हे लक्षात घेतलं तर कंटाळ्याचं मूळ सापडेल. आवाहनाला उत्तर द्यायचं असतं. पापकबुलीत आवाज मिसळायचा असतो, मग क्षमेचं आश्वासन ऐकायचं. शास्त्रपाठानंतर उपदेश, विश्वासांगीकार उभं राहून म्हणायचा, मध्यस्थीच्या प्रार्थनेला आमेन, दानार्पणात आठवड्याच्या श्रमातला वाटा, प्रभुभोजनाला हात पुढे, आशीर्वाद घेऊन बाहेर. यांतलं भोजन तर पडद्यातून येतच नाही.

दोष मंडळ्यांचाही आहे. सूचना वीस मिनिटं चालतात, सत्कार होतात, आणि वेळ भरून काढायला कात्री लागते ती मध्यस्थीच्या प्रार्थनेला. ही तक्रार पाळक आणि पंचांकडे नम्रपणे, पण जरूर करा: सूचना कागदावर द्या, प्रार्थना पूर्ण होऊ द्या. तुमच्या बाजूने तीन गोष्टी करून पाहा. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचे पाठ दहा मिनिटं वाचा. न वाचलेल्या पाठावरचा उपदेश रेंगाळणारच. उपासना सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. आणि मागच्या बाकावर बसू नका, तिथे सगळ्यांची चुळबुळ दिसते.

मेगाब्लॉक असेल तेव्हा ट्रान्स-हार्बरचं वेळापत्रक शनिवारीच पाहून ठेवा. ब्लॉक बहुधा सकाळी उशिरा लागतो. जाताना गाडी मिळते, येताना अडकायला होतं. त्या रविवारी ऐरोलीमार्गे बसने परता, किंवा नेरुळमधल्याच एखाद्या मंडळीत सहभागी व्हा. आपल्या मंडळीची सवय मोडेल याची भीती असेल तर महिन्यातला एकच रविवार तसा ठेवा.

शब्बाथ पाळायचा म्हणून आम्ही रविवारी स्वयंपाक करत नाही, मोबाइलवरून जेवण मागवतो. बरोबर ना? (कोपरखैरणे)

तुमचा गॅस बंद राहतो, पण हॉटेलचा चालू असतो, आणि भर पावसात कुणीतरी दुचाकीवरून तुमचा सातवा मजला गाठतो. वेशीच्या आतला परका म्हणजे तोच. हॉटेलं रविवारी बंद व्हावीत असं आम्ही म्हणत नाही. त्या मुलांचं पोट त्यावर आहे. पण याला शब्बाथ म्हणू नका. शनिवारी खिचडीची तयारी करून ठेवा: तीन वाट्या तांदूळ आणि दीड वाटी मूगडाळ एकत्र करून डब्यात भरा, भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवा. चार माणसांना पुरून वर उरते. आणि कधी मागवलंच, तर खाली उतरून स्वतः घ्या, पाणी विचारा आणि बक्षिसी हातात द्या.