उडत्या पक्ष्याऐवजी फोकस मागच्या गवतावर जातो. मिररलेस कॅमेऱ्यासाठी १८०-६०० लेन्स घ्यावी, ४०० घ्यावी की कंपनीच बदलावी?

तुमच्या प्रश्नाखाली आधीच एक उत्तर आलंय: मिररलेसला उडता पक्षी धरताच येत नाही, कुठूनतरी जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिळवा. मी मिररलेस घेतल्यापासून हेच वाक्य आमच्या दादाच्या तोंडून ऐकते आहे. त्यामुळे आज सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

तुमच्याकडे निकॉनची झेड५०-टू आहे, सोबत ५०-२५० मिलिमीटरची लेन्स आहे, बसलेला पक्षी छान येतो आणि उडाला की कॅमेरा मागचं गवत धरतो. फोटो बहुतेक भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर होडीतून काढता. माझ्याकडे हीच बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आहे आणि त्यावर ४०० एफ ४.५. माझं उत्तर सरळ आहे: जी लेन्स सकाळभर डोळ्याशी धरता येईल ती घ्या. होडीसाठी ती ४०० आहे. पण लेन्स बदलल्याने गवताचं दुखणं जाणार नाही, ते आधी समजून घ्या.

दादाने मला कॅमेरा शिकवला, हे पहिल्यांदा सांगते. एक्स्पोजर, पक्ष्याच्या नजरेच्या पातळीला येऊन फोटो काढणं, उन्हाकडे पाठ करून उभं राहणं, सगळं त्याचं. त्याच्याकडे निकॉनचा डीएसएलआर डी५०० आणि २००-५०० एफ ५.६ लेन्स. पक्ष्यांसाठी इतकी चांगली जोडी त्या किमतीत त्या काळात दुसरी नव्हती, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. तक्रार एवढीच की त्यानंतर जे आलं ते सगळं त्याला खेळणं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावहून होडीत बसलो. उजनीच्या पाण्याचा तो भाग, जिथे काठाला पाणकणसाची दाट पट्टी आहे. एक नदी सुरय (रिव्हर टर्न) त्या पट्टीच्या कडेने मासे मारत होता. वाऱ्याच्या विरुद्ध हळू वर जायचा, थबकायचा, सूर मारायचा, मग वाऱ्याबरोबर भर्रकन खाली येऊन पुन्हा तीच फेरी. दादाने माझा कॅमेरा मागून घेतला. आधी होडीच्या जवळ उभ्या असलेल्या एका बगळ्याचा फोटो काढला आणि लगेच कॅमेरा उचलून सुरयावर धरला. पाणकणीस लख्ख आलं, सुरय पांढरा धूसर डाग. कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाला, "बघ गं, सोडला की नाही?" तेव्हापासून घरात कुणी कॅमेऱ्याचा विषय काढला की हा प्रसंग निघतोच.

आता त्या क्षणी काय झालं ते बघा, कारण तुमच्याही बाबतीत तेच होत असणार. बगळा आठ-दहा मीटरवर होता, सुरय तीसच्या पुढे. लेन्स जवळ फोकस करून थांबलेली असताना लांबचा पक्षी इतका विस्कटतो की प्रतिमेत तो जवळजवळ नसतोच. मिररलेस फोकस सेन्सरवरच मोजतो आणि पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअरही त्याच सेन्सरवरच्या प्रतिमेत शोधाशोध करतं. जे दिसतच नाही ते ओळखणार कसं? मग त्याला जे ठळक मिळेल ते तो धरतो. डीएसएलआरमध्ये आरशाखाली फोकसचं वेगळं यंत्र असतं. त्याला पक्षी, डोळा काही कळत नाही, पण पार विस्कटलेल्या प्रतिमेवरूनही लेन्स कुठल्या दिशेला फिरवायची याचा अंदाज त्याला चांगला येतो. इथे दादाचं म्हणणं खरं आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही.

दुसरं कारण पाणकणसातच आहे, आणि हे फार कमी जण सांगतात. बहुतेक मिररलेस सेन्सरवर फोकस मोजणाऱ्या पिक्सेलच्या जोड्या डाव्या-उजव्या लावलेल्या असतात. त्यांना उभ्या रेषा उत्तम दिसतात, आडव्या अगदीच कमी. पाणकणसात सगळ्या रेषा उभ्याच असतात, म्हणजे सेन्सरला सगळ्यात आवडणारी गोष्ट बरोबर पक्ष्याच्या मागे. उलट मागे नुसतं पाणी असेल तर लाटांच्या रेषा आडव्या असतात, तिकडे तो फारसा ओढला जात नाही. डी५००च्या फोकसच्या १५३ बिंदूंपैकी ९९ बिंदू उभ्या-आडव्या दोन्ही रेषा बघणारे होते. म्हणून दादाला हा त्रास कधी जाणवलाच नाही, आणि जाणवला नाही म्हणून त्यावरचा उपाय त्याने शोधला नाही.

उपाय सांगते. मी कॅमेरा परत घेतला तेव्हा सुरय पुढच्या फेरीला निघाला होता. होडीवाले मामा म्हणाले, "थांबा ताई, फिरतंय आता." पाण्यात जाळ्याचा एक बांबू रोवलेला होता, साधारण सुरय जिथून जात होता तेवढ्याच अंतरावर. मी त्या बांबूवर फोकस घेतला आणि बटण सोडून दिलं. आता लेन्स योग्य अंतरावर उभी होती. सुरय चौकटीत आला तो आधीच ओळखू येण्याइतका स्पष्ट. मग बटण दाबलं, फोकसचा चौकोन त्याच्या डोक्यावर बसला आणि सूर मारून पाण्यातून वर येईपर्यंत तिथून हलला नाही. ती सगळी मालिका स्वच्छ आहे, चोचीतल्या माशासकट. दादाने स्क्रीनवर एकेक फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "मागे पाणी होतं, म्हणून आला."

मागे पाणी होतंच. मामांना सांगून होडी थोडी वळवून घेतली होती, म्हणून होतं. कुठे बसायचं, मागे काय येऊ द्यायचं हे त्यानेच मला शिकवलंय. त्याने केलं तर कौशल्य आणि मी केलं तर पळवाट, हे मला मान्य नाही. त्याच सकाळी पुढे एक ऑस्प्रे, मासे मारणारा शिकारी पक्षी, वेड्या बाभळींच्या पुढून गेला. मागे पाणी नव्हतं, फांद्याच फांद्या होत्या. त्याआधी मी तेवढ्याच अंतरावरच्या एका वठलेल्या खोडावर फोकस लावून ठेवला होता. ऑस्प्रे आला. त्यावर दादाचं म्हणणं, नशीब. दादा, तू हे वाचणार आहेस मला ठाऊक आहे. दोन्ही वेळा एकच कृती केली आणि दोन्ही वेळा एकच निकाल आला, त्याला नशीब म्हणत नाहीत.

तर तुमच्यासाठी: फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घ्या. मेनूत बटणांची कामं बदलता येतात. एका बटणावर पक्षी ओळखणारा फोकसचा मोठा भाग ठेवा, दुसऱ्यावर छोटा चौकोन. पक्षी पानाआड, गवताआड असेल तर छोटा चौकोन, मोकळा उडत असेल तर मोठा भाग. कॅमेऱ्याने गवत धरलं तर तेच बटण दाबून धरू नका, तो गवताला आणखी चिकटेल. सोडा, जवळपास त्याच अंतरावरच्या कशावर तरी फोकस घ्या, पुन्हा पक्ष्यावर या. लेन्सची रिंग हाताने फिरवून अंदाजे तिथे आणलीत तरी चालतं, सवयीने तेच जास्त पटकन होतं. विषय ओळखण्याची सेटिंग 'ऑटो'वर न ठेवता 'पक्षी'वरच ठेवा. ४०० आणि १८०-६०० या दोन्हीवर फोकस लिमिटर आहे, तो सहा मीटर ते अनंत यावर ठेवला की लेन्स उगाच जवळच्या टोकापर्यंत जाऊन येत नाही. होडीत तो मी कधीच हलवत नाही.

आता लेन्स. १८०-६०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट साधारण २१४० ग्रॅम, ४०० एफ ४.५ साधारण १२४५. तुमची बॉडी साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे एकीकडे पावणेतीन किलोच्या जवळ आणि दुसरीकडे अठराशे ग्रॅम. दादाची जोडी तीन किलोच्या वर जाते. होडी डुलते, तिथे ट्रायपॉडचा उपयोग नाही, सगळं हातावर. मला आजवर अनेकांनी, त्यात दादाही आला, सांगितलं की बायकांना मोठी लेन्स झेपत नाही म्हणून तू छोटी घेतलीस. हे मला मनापासून लागतं. नऊ वाजले की त्याच होडीतल्या धडधाकट पुरुषांच्या लेन्सा मांडीवर येतात. पक्षी येतो तेव्हा ती मांडीवरून उचलायची, डोळ्याला लावायची, पक्षी शोधायचा, आणि तोवर चौकटीत असतं गवत. कॅमेरा गवत धरतो, कारण त्याला गवतच दाखवलेलं असतं. मग घरी येऊन म्हणायचं, ऑटोफोकस वाईट. ऑटोफोकसची अर्धी कामगिरी दंडातून येते, आणि हलकी लेन्स घेणं ही कमजोरी नाही, तो फोकसचाच विचार आहे.

झेड५०-टूमध्ये हाताचं हलणं सावरणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही, हेही धरून चाला. उडत्या सुरयाला मी १/२५०० सेकंद वगैरे शटर ठेवते, तिथे फोटो हलण्याची भीती नसते, पण लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे व्हीआर, चालू ठेवते. त्याने व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत राहतं आणि चौकोन पक्ष्यावर ठेवणं सोपं जातं.

"४०० कमी पडेल" असं तुम्हाला सगळे सांगतील. तुमच्या सेन्सरवर ४००चा कोन मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या ६००इतका असतो. होडीतून तेवढं पुरतं. त्याहून जास्त हवं म्हणून होडीवाल्याला रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) अंगावर होडी घालायला लावू नका. थवा उठला की फोटो भारी दिसतो, पण त्या पक्ष्यांचं खाणं तुटतं, आणि हे रोज सकाळी कितीतरी होड्यांकडून होतं. यावर मी होडीत भांडले आहे आणि पुढेही भांडेन. आणखी एक: ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. तेव्हा लांबच्या पट्टकादंबांचे (बार-हेडेड गूजचे) फोटो मऊच येणार, कुठलीही लेन्स, कुठलाही कॅमेरा आणा. जास्त मिलिमीटर म्हणजे मध्ये जास्त हवा. ६०० घेऊन सकाळी दहानंतर काढलेले फोटो दाखवून "फोकस चुकतोय" म्हणणारे मी बरेच पाहिलेत. फोकस बरोबर असतो, हवा खराब असते.

लेन्सचा पल्ला १.४ पट करणारा कन्व्हर्टर ४००ला लावला की ५६० एफ ६.३ होते. बसलेल्या पक्ष्याला छान. उडत्याला मी काढून ठेवते, कारण चौकट अरुंद झाली की पक्षी सापडायलाच वेळ लागतो.

हे सगळं भिगवणचं झालं. तुम्ही ताडोबाचंही विचारलंय, तिथे माझं मत उलटं आहे. वाघ रस्त्यावरून जिप्सीकडे चालत आला तर तुमच्या बॉडीवर ४००मध्ये त्याचं तोंडच मावेल. तिथे १८०-६०० घ्या, जिप्सीच्या दांड्यावर बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी, टाका, वजनाचा प्रश्न मिटतो. तिची झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ७० अंशच फिरते, लेन्स लांबीला वाढत नाही, हे खरोखर उपयोगाचं आहे. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघायला जात असाल तरी झूम बरी. तिथे गवत मागे नसून पुढे असतं, छोट्या चौकोनाशिवाय काही चालत नाही. शिवाय ४०० बरीच महाग आहे. पैसे ताणून ती घेऊ नका. एकाच लेन्सवर जंगल आणि होडी दोन्ही करायचं असेल तर १८०-६०० घ्या, कॉलर काढून ठेवा आणि दर थोड्या वेळाने हात खाली घ्यायला लाजू नका.

कंपनी बदलायची गरज नाही. सोनीची २००-६०० उत्तम आहे, पण तीही दोन किलोच्या वरच. कॅननची १००-५०० हातात धरायला सुरेख, कॉलरशिवाय १.३७ किलो, पण लांब टोकाला एफ ७.१, म्हणजे प्रकाश कमी. डाव्या-उजव्या पिक्सेलचा मामला त्यांच्याही बहुतेक बॉडींमध्ये तसाच आहे. बॉडी, लेन्स विकून तोटा सोसायचा आणि पुन्हा त्याच पाणकणसासमोर येऊन बसायचं, याला अर्थ नाही.

घेण्याआधी दोन्ही लेन्स भाड्याने आणा, पुण्या-मुंबईत मिळतात. गच्चीवर जाऊन घारी आणि पारवे टिपा. घड्याळ लावून पाच मिनिटं लेन्स डोळ्यापासून खाली घेऊ नका, मग ठरवा. आणि ५०-२५० विकू नका. रोहितांचा अख्खा थवा एका चौकटीत घ्यायला तीच लागते.