स्पेनच्या किनाऱ्यावर जा, पण कर्ज काढून नको

प्रश्न (नाशिक): आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी 9 वर्षांची आहे. येत्या मे महिन्यात स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागाजवळ 10 रात्री राहायचा बेत आहे. टूर कंपनीने तिघांचे 6 लाख 60 हजार सांगितलेत. आमच्याकडे साडेतीन लाखांची एफडी आहे, ती मोडून 2 लाख 60 हजार घालू. बाकीच्या 4 लाखांसाठी 13 टक्क्यांनी 3 वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 35 हजार. त्यातून घरखर्च 70 हजार, गृहकर्जाचा हप्ता 28 हजार, एसआयपी 15 हजार. मार्चमध्ये साधारण 90 हजार बोनस मिळतो. जावं का?

उत्तर: जरूर जा, पण पुढच्या वर्षी. मुलगी तेव्हा 10 वर्षांची असेल, किनारा तिथेच असेल आणि डोक्यावर हप्ता नसेल.

आधी कर्ज बघू. 4 लाखांचा हप्ता महिना सुमारे 13,477 रुपये येतो. 3 वर्षांत व्याजच 85 हजारांवर जातं. आज तुमच्याकडे महिन्याला 22 हजार शिल्लक राहतात, मग साडेआठ हजार उरतील. त्यात एफडीही मोडलेली. घरखर्च आणि गृहकर्ज मिळून महिन्याला 98 हजार लागतात, म्हणजे आजची एफडी जेमतेम साडेतीन महिन्यांची सोय आहे. ती सहलीसाठी अजिबात मोडू नका. एसआयपीलाही हात लावू नका.

आता उलटा हिशेब. या जानेवारीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत 16 महिने, दरमहा 22 हजारांची आरडी: 3 लाख 52 हजार. मधले दोन बोनस 1 लाख 80 हजार. झाले 5 लाख 32 हजार.

सहल स्वतः आखलीत तर एवढ्यात बसते. युरो 105 रुपये धरते. तिघांचं विमान 2 लाख 10 हजार. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट रात्रीला 110 युरो, म्हणजे 10 रात्रींचे 1 लाख 15 हजार. खाणं दिवसाला 75 युरो, एकूण 79 हजार. फिरणं आणि प्रवेशतिकिटं 400 युरो, म्हणजे 42 हजार. व्हिसा आणि विमा 35 हजार. बेरीज 4 लाख 81 हजार, वर 50 हजार आडीअडचणीला. युरो 5 रुपयांनी वधारला तर तुमच्या सुमारे 2,475 युरोंच्या खर्चावर साडेबारा हजार वाढतील. ते आरडीच्या व्याजातून निघावेत.

राहायला तोरेमोलिनोस किंवा बेनालमादेना घ्या. मालागा शहर, विमानतळ आणि ही दोन्ही गावं एकाच लोकल मार्गावर आहेत, त्यामुळे टॅक्सी किंवा भाड्याची गाडी लागत नाही. नेरखा सुंदर आहे, पण तिथे रेल्वे नाही, बसने एक दिवस जाऊन या. दुपारचं मुख्य जेवण ‘मेनू देल दिया’ घ्या. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव आणि गोड मिळतं, रात्री घरी खिचडी टाका. शाकाहारी असाल तर ‘एन्सालादा मिक्स्ता’ मागताना ‘सिन आतून’, म्हणजे ट्यूना नको, असं आवर्जून सांगा. त्या सॅलडवर तो बहुधा असतोच. आणि सामानात साजूक तूप, पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मेतकूट, डाळ-तांदूळ चालतात.

तारखा मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा ठेवा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी आत येतं, म्हणून मेच्या सुरुवातीला ऊन कडक असलं तरी तिथला समुद्र 17 अंशांच्या आसपास असतो. पोर पाण्यात पाय घालून लगेच बाहेर येते आणि समुद्रासमोरच्या खोलीला मोजलेले पैसे वाया जातात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ऊबदार होतं, पण भाडी चढतात आणि इथे शाळा सुरू झालेली असते.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते व्हिसाच्या आधी भरलेल्या रकमेत. मोठ्यांची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. फेब्रुवारीची अपॉइंटमेंट घ्या. तोवर हॉटेल आणि विमान दोन्ही रद्द करता येणारीच ठेवा, तिकीट थोडं महाग पडलं तरी. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. स्पेन माणशी रोज तिथल्या मासिक किमान वेतनाच्या 10 टक्के रक्कम दाखवायला सांगतो. 2025 च्या 1,184 युरोंवर ती 118 युरो होते, तिघांच्या 10 दिवसांचे साडेतीन हजार युरो. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक 4 लाख जमा झालेले दिसले की अधिकारी खोलात शिरतो. वर्षभर साठत गेलेली आरडी तिथेही तुमच्या बाजूने बोलते.

पॅकेजच घ्यायचं ठरलं, तर व्हिसा नाकारल्यास नेमके किती पैसे परत मिळतील हे लेखी घ्या. पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे कंपनीने सरकारसाठी आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो. तो करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. स्वतः फॉरेक्स कार्डात युरो भरलेत तर वर्षाला माणशी 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही. साध्या क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे लाखामागे 4,130 रुपये. दुकानातल्या मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच दाबा; रुपये निवडलेत तर भाव ते मशीन ठरवतं.

या आठवड्यात आरडी उघडा आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. पुढच्या जानेवारीत खात्यात साडेतीन लाख दिसले की विमान बुक करा. कमी पडले तर 10 रात्रींच्या 7 करा. एफडी तेव्हाही मोडू नका.