घरी बघायचे माहितीपट: कोणते आणि कसे?

प्रश्न : रात्री जेवणं आटोपल्यावर आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी असे सगळे मिळून बघू शकतील असे माहितीपट सुचवा. आमच्या नव्या टीव्हीवर सगळंच मालिकेसारखं गुळगुळीत का दिसतं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सुरुवात ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ने करा. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातलं अनाथ हत्तीचं पिल्लू आणि त्याला सांभाळणारं जोडपं. लांबी जेमतेम ४० मिनिटं, त्यामुळे मुलगी पेंगणार नाही. २०२३ मध्ये याला ऑस्कर मिळालं. भाषा तमिळ, म्हणून सबटायटल्सचा आकार मोठा करून ठेवा; आजीआजोबा कंटाळतात ते बहुधा बारीक अक्षरांमुळे.

मग ‘सेल्युलॉइड मॅन’. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावरचा. पुणेकरांनी तर चुकवूच नये. पण लांबलचक आहे, दोन रात्रींत बघा.

‘ऑल दॅट ब्रीद्स’ मोठ्यांसाठी. दिल्लीतल्या जखमी घारी आणि त्यांच्यावर उपचार करणारे भाऊ. सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात उंदीर, कॅमेरा सावकाश सरकतो. ट्यूबलाइट चालू असेल तर इथे काहीच दिसणार नाही.

गुळगुळीतपणाचं म्हणाल तर दोष फिल्मचा नाही. ती सेकंदाला २४-२५ चित्रांची असते, टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये जादा चित्रं स्वतःच रचून घुसडतो. पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचा पर्याय बंद करा, किंवा थेट ‘सिनेमा’ मोड लावा. चित्र जरा पिवळसर वाटेल, दोन दिवसांत डोळे सरावतात.